तांबड्या तोंडाचा राजा

१४ जून, रविवार. अण्णांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायचं काम सध्या माझ्याकडे आहे, कारण आई विंचूरला मावशीकडे गेली आहे. आठवडाभर येणार नाही असं तिनं जाताना सांगितलं, विचारलं नाही. डबीला वारांचे कप्पे आहेत आणि साखरेची गोळी इतकी लहान, की बोटातून निसटून खाटेखाली जाते. म्हणून मी ती आधी भरते. अण्णा समोरच्या खुर्चीत बसून बघत आहेत. "ती जेवणाआधीची आहे," ते मला सांगतात. मला माहीत आहे. आमच्या घरात ती गोळी पहिल्यांदा आईला सुरू झाली, आणि तिचा जेवणाशी काय संबंध असतो ते मी अकरावीत असताना एका दुपारी शिकले. त्या दुपारीबद्दल लिहायचं तर आधी एका राजाबद्दल लिहावं लागेल. तो त्या वर्षी आमच्या घरात मुक्कामाला होता.

सिडकोतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे जाळी लावलेली गॅलरी. अण्णा अंबडला एका कारखान्यात प्रेस विभागात सुपरवायझर होते. पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या दणदणाटात दिवस काढायचा, त्यामुळे ते घरीही मोठ्यानं बोलत. पण राग आलाय हे मोठ्या आवाजावरून कळायचं नाही, आवाज बंद झाल्यावर कळायचं. स्कूटर गल्लीत शिरली की आई गॅस बारीक करून कान द्यायची. स्टँड नीट लागला तर ठीक. लोखंड फरशीवर खणकन आपटलं, तर ती माझ्याकडे बघायची आणि मी रेडिओ बंद करायची. मग पाण्याचा तांब्या त्यांनी मागायच्या आधी पुढे, टॉवेल मागायच्या आधी खुंटीवर, पंखा दोनवर. भाजीत मीठ कमी वाटलं तर म्हणून मिठाची वाटी ताटाच्या उजवीकडे, पण दिसेल अशी नाही, कारण ती दिसली तर "म्हणजे तुला माहीत होतं मीठ कमी आहे" असं व्हायचं. हे सगळं मला आईनं कधी शिकवलं नाही. पोळ्या जशा बघून बघून आपोआप यायला लागतात, तसं ते आलं.

अण्णांनी कधी कोणावर हात उचलला नाही. नातेवाईक आजही मला हे त्यांचा मोठेपणा म्हणून ऐकवतात. ते एवढंच म्हणायचे, "मला जेवायचं नाही," आणि गॅलरीतल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. ते जेवले नाहीत तर घरात कोणी जेवायचं नाही, असा नियम होता. तो हरसूलकडच्या त्यांच्या घरातून आला होता. आत्या नागलीचं पीठ घेऊन एसटीनं यायची तेव्हा पाय पसरून सांगायची, "बाप्या उपाशी आन बाया जेवल्या, असं आमच्यात नाय. तुझा आजा एकदा बैलावरून रुसला, तं आख्खं घर दोन दिस पानी पिऊन. लय गंमत." गंमत काय होती ते तिनं सांगितलं नाही. तिथे शेतावरून थकून आलेल्या माणसानं आधी जेवावं, यात काही अर्थ असेल. इथे अण्णा कारखान्यातून डबा खाऊन यायचे. तरी मनधरणीची पद्धत ठरलेली होती. आधी मी पाणी घेऊन जायचं. मग आईनं चौकटीत उभं राहून "दोन घास खाऊन घ्या" म्हणायचं. तेही जमलं नाही तर शेजारच्या काकांना सहज आल्यासारखं बोलवायचं. शेवटी अण्णा उठायचे, आई त्यांच्यासाठी नव्यानं तवा ठेवून गरम भाकरी टाकायची, आणि त्यांचं झालं की आम्ही दोघी गार झालेलं जेवायचो. बरं वाटायचं, हे खरं आहे. काहीतरी मिळवल्यासारखं वाटायचं.

संगणक आमच्याकडे आला तो मावशीच्या नितीनमुळे. तो नाशकात एका दुकानात संगणक जोडायच्या कामाला होता. अंबडला आता संगणकावर चालणारी मशीन यायला लागलीत, काका, तुम्हीही शिकून ठेवा, असं त्यानं अण्णांना पटवलं आणि सुटे भाग आणून मधल्या खोलीत एक संगणक उभा केला. अण्णांनी त्याला हात लावला नाही. आईनं त्याला झालरीचं कव्हर शिवलं. त्या खोलीत चप्पल न घालता जायचं असंही ठरलं. वापरायची फक्त मी, आणि अभ्यासाच्या सीडीबरोबर नितीननं एक खेळाची सीडी आणून दिली, तेव्हापासून आईही बघायला बसू लागली, निवडायची मेथी मांडीवर घेऊन.

खेळ ग्रीक लोकांच्या पुराणावर बेतलेला होता. समुद्राकाठी एक गाव आपल्या ताब्यात असायचं. तिथे ऑलिव्हची झाडं, द्राक्षांचे मळे, मेंढ्या, तेलाच्या घाण्या. माणसं इकडून तिकडे डोक्यावर ओझी घेऊन चालायची. देवळं बांधायची सोय होती. "त्यांचे देव कसे असतात?" आईनं विचारलं. "आपल्यासारखेच, मावशी," नितीन म्हणाला, "फक्त तापट. नैवेद्य चुकला की समुद्रच अंगावर घालतात." पण देवांपेक्षा त्रास होता तो समुद्रापलीकडच्या एका राजाचा. ऑर्थेमस त्याचं नाव. नितीन त्याला ऑर्थ्या म्हणायचा आणि आई 'तो तांबडा', कारण पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं तोंड सतत असायचं आणि राग वाढेल तसं ते तांबडं होत जायचं. तो अधूनमधून माणूस पाठवून काहीतरी मागायचा. तेल द्या, लोकर द्या, दारू द्या. मागताना राजदंड जमिनीवर आपटायचा आणि स्पीकरमधून 'ढण्ण' असा आवाज यायचा. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा आई आणि मी दोघींनी गल्लीकडे पाहिलं.

मी खेळ सुरू केल्यावर सगळ्यात आधी त्या राजाला तेल पाठवलं. त्यानं मागितलं नव्हतं. न मागता भेट पाठवायचं एक बटण होतं, ते मला लगेच सापडलं. नंतर लोकर पाठवली. द्राक्षं पिकली की पहिली दारू त्याला. तोंड छान गव्हाळ राहायचं आणि मला वाटायचं आपल्याला खेळ जमला. एक दिवस नितीन मागे उभा राहून बघत होता.

"हे काय करतेस?"

"भेट पाठवतेय."

"मागितली का त्यानं?"

"मागायच्या आधी पाठवली की चिडत नाही."

नितीननं माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "वैशे, हा राजा आहे. काका नाहीत."

त्यानं समजावून सांगितलं. हा राजा न मागता आलेली भेट विसरत नाही. पुढच्या वेळी तेवढं त्याला धरलेलंच असतं, मागणी त्याच्या वर. म्हणूनच माझ्याकडची मागणी वाढत वाढत इतकी झाली होती, की गावाला पुरेल एवढं तेल-धान्य राहत नव्हतं. हे मला दिसत होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नव्हता. वेशीतून माणसं पाठीवर बोचकी घेऊन बाहेर पडायची. आई एकदा मेथी निवडता निवडता थांबली होती.

"ती बाई कुठे निघाली गं?"

"गाव सोडून चाललीय. तिला धान्य मिळालं नाही."

"मग गेलं कुठे धान्य?"

मी कोपऱ्यातल्या तोंडावर बोट ठेवलं. आई पुन्हा मेथीकडे वळली. थोड्या वेळानं तिनं काड्या आणि पानं एकाच टोपलीत टाकल्याचं माझ्या लक्षात आलं.

"एकदा नाही म्हणून बघ," नितीन म्हणाला. "जहाजं पाठवेल. बंदर जाळेल."

"मग?"

"मग काय, जातील परत. त्याचा राग जाळून झाला की संपतो. धान्य तेवढं टेकडीवरच्या कोठारात हलव आधी."

"आणि बंदर?"

"बंदर परत बांधता येतं. लाकूड लागतं फक्त."

आईची साखर त्याच सुमाराला निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि तिच्यापेक्षा जास्त मला बजावलं, की ही जेवणाआधी घ्यायची आणि घेतली की लगेच जेवायचं. उशीर झाला तर साखर एकदम उतरेल, घाम येईल, हात कापतील, माणूस काहीतरीच बोलायला लागेल, आणि तरीही पोटात काही गेलं नाही तर शुद्ध जाईल. मग काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं. "मग वेळ राहत नाही," ते म्हणाले. घरी येताना आईनं रिक्षात मला सांगितलं, "ह्यांना एवढं सगळं सांगू नकोस, उगीच काळजी करतील." दोन-तीन आठवड्यांनी ती ओट्याला धरून उभी असलेली मला दिसली. कपाळ ओलं, हातात पिठाचा गोळा तसाच. आदल्या दिवशी अण्णा कारखान्यात कोणाशी तरी भांडून आले होते, रात्रीचं जेवण झालं नव्हतं, आणि सकाळची गोळी तिनं वेळेवर घेतली होती. आम्ही तिला गूळ दिला. आम्ही म्हणजे मीच. अण्णा तोवर कामावर गेले होते.

ती दुपार थंडीतली होती. कारखान्याला सुट्टी होती आणि अण्णा केस कापून येताना बाजार करणार होते. आईनं वांगी भाजून भरीत केलं होतं, काळ्या उडदाची आमटी, ठेचा, पातीचा कांदा. बाजरीच्या भाकऱ्या चालल्या होत्या. अण्णा आता येतील म्हणून तिनं गोळी घेतली आणि शेवटची भाकरी थापायला घेतली. मधल्या खोलीत मी राजाला नाही म्हटलं होतं. धान्य टेकडीवर हलवून झालं होतं. पडद्यावर समुद्राच्या कडेला काळी शिडं दिसायला लागली, ढोल वाजायला लागले, तोंड तांबड्याचं जांभळं झालं. नितीन आला होता. त्यानं स्वयंपाकघरातून ताकाची रवी उचलली, राजदंडासारखी जमिनीवर आपटली, भुवया चढवल्या आणि गर्जना केली, "मला जेवायचं नाही म्हणजे नाही!"

आई पिठाच्या हातानं तोंड झाकून हसली. मग हात काढून हसली. गालाला बाजरीचं पीठ लागलेलं, डोळ्यांत पाणी, असं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. ढोलांच्या आवाजात स्कूटर ऐकू आली नाही. अण्णा दारात होते. हातात भाजीची पिशवी, मानेवर कापलेले बारीक केस. त्यांनी नितीनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "मला जेवायचं नाही."

"येतो मावशी," नितीन म्हणाला. रवी त्यानं टेबलावर इतकी अलगद ठेवली, की जणू ती काचेची असावी. तो आज पन्नाशीकडे झुकला आहे, पण अण्णांसमोर अजून रवीला हात लावत नाही.

अण्णा खुर्चीत बसले. मी खेळ थांबवला होता, पण थांबवला तरी ढोल वाजत राहायचे, तेच तेच चार ठोके. संगणक बंद करायला मधल्या खोलीत जायचं तर गॅलरीच्या दारावरून जावं लागे, आणि त्यांच्यादेखत पुन्हा त्या खेळाला हात लावायचं धाडस कोणाला झालं नाही. म्हणून पुढचं सगळं त्या ढोलांवर झालं. मी पाणी नेलं. त्यांनी घेतलं नाही. आई चौकटीत जाऊन "दोन घास खाऊन घ्या" म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. आई परत येऊन ओट्याशी उभी राहिली. मी म्हणाले, "तू खाऊन घे. गोळी घेतलीस ना?"

"ते जेवले की."

"आई, गोळी घेतलीयस."

"दोन मिनिटं थांब. येतील."

आमटीला साय धरली. मी गॅलरीत गेले. "अण्णा, आईनं साखरेची गोळी घेतलीय. तिला लगेच जेवायला लागतं."

"मग जेव म्हणावं," ते भिंतीला म्हणाले. "मी कोणाला अडवलंय?"

हे खरंच होतं. त्यांनी कधीच कोणाला अडवलं नव्हतं. मागच्या वर्षी एकदा आईनं हे वाक्य खरं मानलं होतं आणि जेवली होती. त्यानंतर कित्येक दिवस अण्णा कारखान्याच्या कँटीनमध्येच जेवले, डबा भरलेला परत यायचा, आणि आई स्वतःच्याच घरात पंगतीतून उठवल्यासारखी वावरायची. ते वाक्य आणि त्याचा अर्थ, दोन्ही तिला पाठ होते.

मी परत आले तेव्हा ती ताटं लावत होती. तीन ताटं एकात एक ठेवायची, परत काढायची, परत ठेवायची. वरच्या ओठावर घाम होता. आम्ही स्वेटर घालून होतो आणि तिच्या पाठीला ब्लाउज चिकटला होता. "शोभे, मीठ घातलं का गं?" तिनं मला विचारलं. शोभा म्हणजे विंचूरची मावशी. मी साखरेचा डबा काढला, चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली, लहान मूल औषधाला फिरवतं तशी. "ते जेवले की," ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

तेव्हा मी घाबरले होते, पण काय करायचं ते मला अगदी स्वच्छ दिसलं. मनधरणीला वेळ नव्हता. ती नियम मोडणार नव्हती, शुद्ध गेली तरी. पण नियम आधीच कोणीतरी मोडलेला असला, तर तिला मोडायला काही उरत नव्हतं. राग कोणावर तरी निघणारच होता. तो माझ्यावर निघाला तर ती मोकळी होती. मी एक ताट वाढून घेतलं. भाकरी, भरीत, कांदा. गॅलरीच्या दारासमोर, अण्णांना खुर्चीतून दिसेल अशी, मांडी घालून बसले आणि जेवायला लागले. कांदा चावल्याचा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला.

अण्णांनी मान वळवली. "काय चाललंय?"

"जेवतेय."

"कोणाला विचारून?"

"भूक लागली होती."

त्यांचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं, आणि एरवी हसू आलं असतं. मी मान न वळवता मोठ्यानं हाक मारली, "आई, इकडे ये. मी जेवलेय. आता कोणासाठी थांबतेस?" ती भिंतीला धरून आली. मी तांब्यात मूठभर साखर टाकून ठेवली होती. तिला खाली बसवलं, तांब्या तोंडाला लावला. अर्धं पाणी गळ्यावरून पदरावर गेलं, अर्धं पोटात गेलं. तिचे हात इतके कापत होते की बांगड्या वाजत होत्या. अण्णा उभे राहिले. त्यांनी आईकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. ते आमच्याकडे आले, तेव्हा मी माझं ताट डाव्या हातानं मागे सरकवलं, कारण त्याला लाथ बसणार अशी माझी खात्री होती आणि आईच्या वाट्याची भाकरी त्यात होती. ते आम्हाला ओलांडून मधल्या खोलीत गेले. संगणकाची वायर त्यांनी भिंतीतून ओढून काढली, बोर्डासकट. ढोल थांबले. मग किल्लीचा आवाज, मग स्कूटर.

बंदर जळालं होतं. माझ्या मनात नेमकं हेच आलं.

थोड्या वेळानं आईनं डोळे नीट उघडून विचारलं, "काय झालं मला?" मग, "ते कुठे गेले?" मग म्हणाली, "तू असं करायला नको होतंस, वैशू." हे म्हणत असताना ती भाकरी खात होती, आणि बोलून झाल्यावर तिनं दुसरी घेतली.

संध्याकाळी अण्णा आले आणि त्याच खुर्चीत, त्याच भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायच्या वेळेला आई घुटमळायला लागली. मी तिला गोळी दिली, ताट वाढलं आणि ती खाईपर्यंत समोर बसले. ती दाराकडे पाठ करून जेवली. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं, मनधरणीला गेले नाही, तिलाही जाऊ दिलं नाही. शेजारच्या काकांच्या घरातून बातम्यांचा आवाज येत होता. त्यांनाही बोलावलं नाही. ते ताट तसंच राहिलं. घरात एक माणूस उपाशी झोपतोय आणि बाकीचे जेवलेत, असं आमच्याकडे पहिल्यांदाच होत होतं, आणि छप्पर पडलं नाही. उजाडेपर्यंत मात्र मी ते पडायची वाट बघत होते.

खेळाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. नितीननं नंतर बोर्ड बसवून दिला, पण वायर ओढल्यामुळे तो डाव पुसला गेला होता. नवीन डाव मी मांडला नाही. परीक्षा जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या आधी उठले. बाजरी मळली, तवा ठेवला, भाकऱ्या केल्या. पहिली थोडी जाड झाली. साडेआठला तीन ताटं मांडली आणि गॅलरीच्या दारात जाऊन अण्णांच्या पाठीला सांगितलं, "ताटं वाढलीत. आई आणि मी बसतोय." आईनं गोळी घेतली, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि पहिला घास घेतला. आमची अर्धी भाकरी झाली असेल, तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा आत आले, तिसऱ्या ताटावर बसले. आईचा हात तव्याकडे जायला लागला, तो मी धरून ठेवला. त्यांनी भाकरी मोडली, तुकडा बोटांनी दाबून पाहिला.

"गार आहे," ते म्हणाले.

"साडेआठला गरम होती," मी म्हणाले, आणि आईला आमटी वाढली.